दुसऱ्यांनी बसवलेले डोळे

मंगळवारी लातुरात ते घर पाडलं. घराच्या माथ्यावर सिमेंटचा सिंह होता. मी साडेनऊला पोचलो तेव्हा सिंह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होता. सिंह घडवणारे मिस्त्री त्या दिवशी नांदेडला होते. तीन आठवड्यांनी ते वारले.

यापुढे जे लिहायचं आहे ते मी सहा महिने टाळलं. कागद काढायचो, दोन ओळी लिहायचो आणि स्वतःचं अक्षर पाहून शिसारी यायची. सुबक, वळणदार, पुस्तकांच्या पाठीवर आयुष्यभर क्रमांक घालून झालेलं अक्षर. या अक्षरात काहीही लिहिलं तरी ते खरं वाटतं, हीच त्यातली ओंगळ गोष्ट आहे.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर मला एक नाद लागला. लातूर आणि नांदेडच्या जुन्या पेठांत घरांच्या दर्शनी माथ्यावर, गच्चीच्या कठड्यांवर, चुना-सिमेंटात घडवलेल्या आकृती आहेत. म्हणजे होत्या. मोर, हत्ती, कमळावरची लक्ष्मी, एका घरावर रेडिओ, एका घरावर वाफेचं इंजिन. सिंह तर कितीतरी. ही कामं कुणी केली हे कुणाला सांगता येत नव्हतं. घरमालकांना वास्तुशांतीला किती पंगती उठल्या ते पाठ असायचं, दरवाजाचं लाकूड कुठून आणलं तेही माहीत असायचं. घडवणाऱ्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "होता एक मिस्त्री."

मी वही घेऊन फिरायचो. मान वर करून बघत उभा राहायचो. पायाशी तुंबलेली नाली, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या कमरेपर्यंत चढलेल्या, आणि वर मोर. जिथला मोर पडला होता तिथे चकचकीत पत्रा ठोकलेला, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर गॉगल लावून हात जोडलेले पंधरा-वीस चेहरे. या गावांना वर बघायची सवय नाही, असं मी वहीत तुच्छतेनं लिहून ठेवलं होतं. तुच्छता मला सहज जमते.

हळूहळू त्या आकृतींतला एक हात मला ओळखू येऊ लागला. काही सिंहांची आयाळ एकाच पद्धतीनं ओढलेली होती. ओल्या सिमेंटवरून केसांची फणी फिरवावी तशी, बारीक आणि समांतर, आणि मानेपाशी किंचित वळवलेली. पुढचा एक पंजा नेहमी अर्धवट उचललेला, खालची फरशी तापल्यासारखा. अंगात वजन होतं. बसलेल्या जनावराचं पोट जसं खाली उतरतं तसं ते उतरलेलं होतं. पण डोळे? प्रत्येक सिंहाच्या डोळ्यांत काचेच्या गोट्या. पोरं खेळतात तसल्या, हिरव्या-निळ्या. एक वर, एक खाली. एखाद्याची एक गोटी इतकी बाहेर आलेली की सिंहाला कुणीतरी मागून चिमटा काढलाय असं वाटावं. एवढं अंग आणि वर हा खुळा चेहरा.

मी त्यावर लेख लिहिला. तो एका दिवाळी अंकात छापून आला. त्यात हे वाक्य होतं: "या अनाम कारागिराला देहाची उत्तम जाण आहे, मात्र नजर घडवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि ती उणीव तो काचेच्या गोट्या चिकटवून बाजारू चतुराईनं झाकतो." वाक्य लोकांना आवडलं. दोघा-तिघांनी तसं कळवलं. मलाही ते आवडलं होतं. एकदा दुपारी मी ते मोठ्यानं वाचूनही पाहिलं होतं.

दिवाळीनंतर महिन्याभरानं नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या.

"जय भीम, सर. तुमचा लेख मी बाबांना वाचून दाखवला. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. म्हणजे भांडायचंय. मी म्हटलं फोन लावून देते, तर म्हणतात, भांडण काय फोनवर करायची गोष्ट हाय का?"

मी गेलो. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत मी मनात गौरवाची वाक्यं जुळवत होतो. आपल्याला कुणीतरी शोधून काढलं म्हणून म्हातारा माणूस हरखून जाईल, असा माझा समज होता.

मिस्त्री ऐंशीच्या पुढचे होते. मुलीच्या घरी पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शाळेच्या वह्यांचा तपासायचा गठ्ठा. सिमेंट आणि चुना छातीत जाऊन जाऊन त्यांना दम लागायचा. चार शब्द झाले की ते थांबत. त्यांनी आधी मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाले, "तुमीच का ते, मला आंधळा करणारे?"

"बाबा, चहा तरी होऊ द्या," मुलगी आतून म्हणाली.

"चहा होऊन राहिला. त्यापायी भांडण कशाला थांबवू?" मग माझ्याकडे वळून, "सर, सिंह माझे. तुमी लिवलेले समदे. आयाळ माझी. फणी माझ्या बायकोची. पंजा माझा. पण डोळे माझे न्हाईत."

"मग कुणाचे?"

"ज्याचं घर त्याचे."

त्यांनी सांगितलं ते असं. आकृतीवरचा शेवटचा बारीक थर ओला असतो तेव्हाच डोळे करावे लागतात. तास-दीड तासाची वेळ असते. नेमक्या त्या वेळी घरमालक खालून हाक मारायचा, "मिस्त्री, उतरा आता." डोळ्यांच्या जागी दोन खड्डे ठेवायचे, थापी धुवायची आणि परांचीवरून खाली यायचं. मग पुजारी यायचा, नारळ फुटायचा, आणि घरातला थोरला मुलगा नाहीतर नातू वर चढून त्या खड्ड्यांत गोट्या दाबायचा. याला डोळे उघडणं म्हणत. हे चालू असताना मिस्त्रींनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं.

मी वाचन असलेला माणूस. म्हणालो, "पण ती रीतच आहे ना? घडवणाऱ्यानं पहिल्या नजरेसमोर थांबू नये म्हणतात."

मिस्त्री हसले आणि त्यांना खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "हाव, रीत. मी देगलूरकडच्या एका तेलुगू मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो. मुखेडच्या बाजूचं आमचं गाव, तितं तो पुलाच्या कामावर आला होता. त्यो आपले डोळे आपन उघडायचा. मालक आरसा धरून उभा ऱ्हायचा त्याच्यासाठी, पैली नजर आरशात पडावी म्हनून. त्याला कोनी उतरवलं न्हाई. रीत मला एकट्यालाच होती."

मुलीनं चहा आणला. "साखर कमी आहे सर, बाबांमुळे," म्हणाली. तिनं हे सगळं आधी कितीदा ऐकलं असेल ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आमच्या बापानं देव सोडले तवा मी पोरगा होतो," मिस्त्री म्हणाले. "मी लक्ष्म्या केल्या, हत्ती केले. पोटासाठी केले, पूजले न्हाईत. मंग माझ्या हातचा डोळा त्यांना चालला न्हाई, त्याचं मला काय? न चालू दे. पण तुमी लिवलं, आवाक्याभायेर. त्ये छापून ऱ्हातंय. माझी नात वाचंल. त्ये खोडा, सर. मी हाय तवर खोडा."

त्यांना एवढंच हवं होतं. ते मला त्या दिवशीही नीट समजलं होतं.

मी म्हणालो, "खोडतो की. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो. फक्त तुमच्या हातचा एखादा डोळा कुठे बघायला मिळेल का? म्हणजे लिहायला आधार होईल."

आधार हा शब्द मी वापरला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक हाय. पण झाकलेला हाय."

लातूरच्या पेठेतल्या एका घराचं काम चालू असताना मालक सहकुटुंब यात्रेला गेले होते. त्यांना परतायला उशीर झाला. इकडे थर सुकायला लागला. मिस्त्रींनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग सायकलच्या चाकाची तार घेऊन स्वतःच डोळे केले. नांदेडला सर्कस आली होती तेव्हा त्यांनी तंबूमागे पिंजऱ्यात एक म्हातारा सिंह पाहिला होता, त्याचे डोळे.

"पापनी अर्धी खाली. एका डोळ्यातून पानी गळत होतं. डरकाळी-बिरकाळी काय न्हाई. त्यो आमाला बघून राहिला होता, आमी त्याला. लई वेळ बघितलं मी त्याला. तसा डोळा पुन्ना केला न्हाई."

मालक परत आले. आधी 'रडका सिंह केला' म्हणून ओरडले. डोळे कुणी उघडले ते कळल्यावर आणखी ओरडले. पुजाऱ्यानं गोमूत्र शिंपडलं. त्या डोळ्यांवर चुन्याचा थर दिला आणि वर गोट्या दाबल्या.

"माझं काम खाली तसंच हाय. वरचा चुना कच्चा. पर घाई करू नका. दोन दिवस ओलं फडकं बांधून ठिवा, पानी मारत ऱ्हावा. मंग दाभनानं कडेकडेनं सोडवा. सुकं ओढलं तर खालचं बी घिऊन येतंय."

मी वहीत लिहून घेतलं.

परतीची एसटी लोह्याच्या स्टँडवर थांबली होती. शेजारचा माणूस केळी खाऊन सालं खिडकीतून टाकत होता. तेव्हा मला आमचं गावचं घर आठवलं. निलंगा तालुक्यात आमची शेती होती आणि घराच्या दारावर सिंह होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. वडिलांनी मला परांचीवर उचलून घेतलं होतं. माझ्या मुठीत माझ्याच खेळातली गोटी होती. सिमेंट गार होतं. "अजून दाब," वडील म्हणाले. खाली टाळ्या वाजल्या. हा प्रसंग आमच्या घरात कौतुकानं सांगत. मी स्वतः तो सांगत आलो. कलेशी माझं नातं किती जुनं आहे हे दाखवायला तर एका भाषणात सांगितला होता.

आणि तरीही त्या सिंहांखाली उभं राहून, वहीत त्यांच्या गोट्यांचे रंग टिपून घेताना, हे कारागिराचं काम नसेल असं मला एकदाही सुचलं नाही. वाईट काम दिसलं की ते मी मिस्त्रीच्या नावावर टाकलं. त्या दिवशी आमच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे कुणी उभं होतं का, ते मी एसटीत आठवून पाहिलं. मला कुणी दिसेना. आम्ही तिकडे बघितलंच नव्हतं.

ते घर भूकंपात गेलं. भूकंपानंतर आमच्या भागातल्या लोकांनी डोक्यावरचं वजन उतरवलं. माथ्यावरचे हत्ती, सिंह रात्री अंगावर पडतील या भीतीनं लोकांनी आपणहून फोडून टाकले, आणि मिस्त्रींचं काम तेव्हाच संपलं. पुढच्या एका भेटीत त्यांनी मला विचारलं, "निलंग्याकडं मी तीन-चार केले होते. तुमचं गाव कोन्तं?" मी म्हणालो, "तिकडचंच." आणि विषय बदलला. दम लागत असताना त्यांनी तो प्रश्न दोन तुकड्यांत विचारला होता, आणि मी त्यांना एका शब्दात वाटेला लावलं.

लातूरचं ते घर आता मालकांच्या नातवाकडे होतं. चाळिशीचा, बांधकामाचा व्यवसाय करणारा, अगदी गोड बोलणारा माणूस. माझ्या लेखामुळे त्याच्या घराचं नाव झालं होतं. तो मला काका म्हणायचा.

"गोटी काढायची? काका, सिंहाला आंधळं करता का? माझ्या आजोबांनी समोर उभं राहून बसवून घेतलेले डोळे आहेत ते."

"खाली आणखी एक डोळा आहे. मूळचा."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी सिंह केला ते मिस्त्री."

"हयात आहेत का? वा! कोण ते?"

मी नाव सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. मी तेही सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि हसला. "असं होय. मग बरोबरच झाकलं की आजोबांनी." आणि लगेच, "गंमत केली हो काका. आपण असलं काही मानत नाही. चहा घ्या."

मी चहा घेतला. पुरता संपवला. कपाच्या तळाशी राहिलेली साखरसुद्धा मी कप तिरका करून प्यालो. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, पण सगळ्यांत जास्त किळस मला त्या साखरेची येते.

त्यानं नाही म्हटलं नाही. असली माणसं नाही म्हणत नाहीत. 'बघू', 'पाडव्यानंतर', 'मिस्त्री पाठवतो' असं करत त्यानं पावसाळा घालवला. मग गावातल्या हौशी मंडळींनी वारसा फेरी काढली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात ओळखपत्रं. फेरीच्या आदल्या आठवड्यात त्यानं सिंहाला सोनेरी ऑइलपेंट दिला. जीभ लाल केली. फणीच्या रेषा रंगानं बुजल्या, आयाळ शिऱ्याच्या गोळ्यासारखी दिसायला लागली. लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतले. मला हार घातला. मी पाच मिनिटं बोललो, चांगलं बोललो. मिस्त्रींचं नाव घेतलं नाही. अजून आधार मिळायचा होता ना.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी नवा लेख मागितला. दुरुस्तीसाठी दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्यांना कळवलं की मूळ डोळ्याचा फोटो मिळाला की सविस्तर देतो, असं अर्धवट नको. मी फार सावकाश लिहितो. लोक याला साक्षेप म्हणतात. ती दिवाळी गेली.

मिस्त्री महिन्यातून एखाद वेळी फोन करायचे. त्यांना छापायच्या गोष्टीची घाई होती, पण मी डोळ्याचं धरून बसलोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून तेही डोळ्याचंच विचारायचे. "काय सर, निगालं का?"

"मालकाचं चाललंय बघू-बघू."

"त्याचा आजा बी तसाच होता. बघू-बघू म्हनायचा आन बघायचा न्हाई."

मग तो मंगळवार आला. समोरच्या पानटपरीवाल्यानं फोन केला, "काका, तुमचा सिंह उतरवून राहिलेत." मी रिक्षानं गेलो. अर्धं घर खाली आलं होतं. नातू उन्हासाठी छत्री धरून उभा होता. म्हणाला, "काका, सांगणारच होतो. पण मुहूर्त एकदम निघाला."

सिंहाची उजवी बाजू पहिल्या खेपेत बाहेरच्या रस्त्यालगतच्या खड्ड्यात भरायला गेली होती. ट्रॉलीत डाव्या बाजूचा तुकडा होता. निम्मं तोंड, गालापर्यंत आयाळ, सोनेरी रंगाचे पोपडे, आणि गोटी. जात्याच्या तळीएवढा तुकडा. चालकानं खाली वाकून पाहिलं. "न्यायचंय का? न्या की. पण लवकर करा, खेप हाय अजून."

दोन माणसं आणि एक टेम्पो, एवढ्यावर तो तुकडा माझ्या अंगणात आला असता. ओलं फडकं बांधता आलं असतं. दोन दिवस थांबता आलं असतं. नातूही म्हणत होता, "घेऊन जा काका, आठवण म्हणून." मला ते सुचलं नाही असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. सुचलं होतं. पण मला तो डोळा बघायचा होता, तिथे, तेव्हा. मिस्त्री, दुरुस्ती, काही डोक्यात नव्हतं. सगळी हयात सावकाश काढलेला माणूस मी, ट्रॉलीत चढलो आणि चालकाकडून पेचकस मागून घेतला.

चुना सुका होता. मी पेचकसाचं टोक गोटीच्या कडेनं घातलं आणि दाबलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा जोर लावला. गोटी उडून मातीत गेली, थर सुटला, आणि थरासोबत खालचंही आलं. माझ्या तळहातावर भुगा होता. करडा, त्यात सोनेरी कण. तिथे आता नुसता खड्डा राहिला होता, मिस्त्री ठेवत असत तसा. क्षणभर एक वाकडी रेष दिसल्यासारखं वाटलं, पापणीची असेल. नसेलही. त्या रेषेबद्दल मी काहीच म्हणू शकत नाही.

चालक म्हणाला, "झालं का, काका?"

मी खाली उतरलो. हात पँटला पुसले.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला. त्यांना घर पाडल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. सहजच केला होता. "काय सर, निगालं का?"

"फडकं बांधलंय," मी म्हणालो. "भिजत घातलंय."

"हां. आता दोन दिवस हात लावू नका. नुसतं पानी मारा. सर, उनात ठिवू नका बरं का. फडकं सुकलं तर समदं वाया."

"नाही ठेवत."

"दाभन हाय का घरी?"

"आहे."

"बारीक घ्या."

दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. मी म्हणालो, अजून एक दिवस ठेवतो, चुना चिवट आहे. ते म्हणाले, बरोबर करून राहिलात. त्यांना माझी सावधगिरी आवडली होती. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी मी फोन उचलला नाही. वाजत असलेला फोन मी पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं, तरी तो ऐकू येत होता.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नांदेडला गेलो. वस्तीतल्या विहारात पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं होती. काही जुने गवंडी होते, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. मुलीनं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी घसा बसल्याचं कारण दिलं. कार्यक्रम संपल्यावर चपलांपाशी मी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. घर, पेचकस, भुगा, फडकं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तशी बघत होती.

"सर, बाबांना तो डोळा बघायचा नव्हता. तो त्यांनीच केला होता, त्यांना तो माहीत होता. त्यांना तुमचं वाक्य खोडलेलं बघायचं होतं. त्याला सिंह कशाला लागत होता?"

"पुरावा हवा होता, ताई. नुसतं कसं..."

"बाबांनी तोंडानं सांगितलं होतं ना तुम्हाला, डोळे माझे नाहीत म्हणून?"

"हो."

"मग? ते आवाक्याबाहेरचं लिहिलंत तेव्हा कुणाचा पुरावा घेतला होता?"

मागून कुणीतरी तिला हाक मारली. ती जाता जाता म्हणाली, "चपला घाला सर. फरशी तापलीय." आणि पाहुण्यांकडे गेली.

घरी आल्यावर मी संपादकांना दोन ओळींची दुरुस्ती पाठवली. त्यांनी प्रेमानं उत्तर दिलं की इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती आता कुणाच्या लक्षात येणार, त्यापेक्षा या सगळ्यावर एक छान लेख द्या, तुमच्या शैलीत. तो लेख मी लिहिला. तो हाच. त्यामुळे ते वाक्य मी इथे खोडतो: सिंहांचे डोळे मिस्त्रींनी केलेले नव्हते, ते त्यांना करू दिले नाहीत. हे त्यांनी मला त्यांच्या मुलीच्या घरी, पलंगावर बसून सांगितलं. दुसरा आधार माझ्याकडे नाही.

लातुरात आज त्यांचे तीन सिंह आहेत आणि नांदेडात दोन. पाचांच्याही डोळ्यांत गोट्या आहेत.